दसऱ्याच्या दिवशीची नळचोरी

बाजारात झेंडूचे ढीग दिसू लागले की ती घटना मला हटकून आठवते आणि मी एकटाच हसतो. नोकरीची शेवटची वर्षं मी पिंपरीत वरिष्ठ निरीक्षक होतो. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण घरी पाहुणे जमले की मला सांगायला लावतात ती ही नळचोरीच.

आमच्या हद्दीत, भर चौकात, एका पबची शाखा उघडणार होती. स्वस्त बिअर ही त्या कंपनीची ख्याती. तोवर पबला जायचं म्हणजे पुण्याची वाट धरायची आणि तिथल्या दारावरचा माणूस पायांतली चप्पल बघून परत पाठवणार, असा आमच्याकडच्या पोरांचा अनुभव. इथे चाकणची शिफ्ट सुटलेला फिटर आणि तळवड्याचा संगणकवाला एकाच बाकावर बसतील, अशी जाहिरात लागली होती. काही ज्येष्ठ नागरिकांनी विरोधाचा अर्ज दिला. त्यांतल्या दोघांनी जाता जाता, उद्घाटनाला खाणं असेल का, हेही विचारून घेतलं.

उद्घाटन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होतं. दसऱ्याच्या सकाळी ठाण्यात शस्त्रपूजन आटोपून आम्ही पेढे खात होतो, तेवढ्यात पबचा व्यवस्थापक धापा टाकत आला. पंचविशीतला पोरगा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डोळ्यांत पाणी.

"सर, आमचे नळ चोरीला गेले! उद्या मुंबईहून साहेब लोक येणार आहेत. नळ नसतील तर माझी नोकरी गेली."

नळ म्हणजे बिअरचे. काउंटरवर स्टीलचा एक जाड आडवा दांडा होता, त्याला ओळीने बसवलेले. तो दांडा नळांसकट कुणीतरी उचलला होता. कुलूप शाबूत. कॅमेरे लावलेले, पण जोडलेले नाहीत. आदल्या संध्याकाळी राखणीला एकच वॉचमन, बीडकडचा, पन्नाशीचा. व्यवस्थापकाने निकाल लावूनच टाकला होता. "त्यानेच केलंय सर. आत टाका त्याला."

मी म्हटलं, आधी चौकशी, मग गुन्हा. जागा पाहून परतलो तोच समोरच्या पानटपरीवाल्याचा फोन आला. हा आमचा जुना खबऱ्या. "साहेब, काल दिवेलागणीला एक टेम्पो आला होता. स्टीलचं काहीतरी घातलं अन् गेला. वॉचमन तेव्हा जागेवर नव्हता, बरं का."

स्टील म्हटलं की आमचा पोलीस आधी भंगारवाल्याकडे पळतो. दोन शिपाई पाठवले. सगळी दुकानं बंद, शटरला हार. मग वॉचमनला समोर बसवलं.

"काल संध्याकाळी कुठं होतास?"

"जाग्यावरच साहेब. हाललोच नाही."

"टेम्पो पाहिलास?"

"नाही साहेब."

हा खोटं बोलतोय, हे मला कळत होतं. चहा पाजला, दरडावलं, पुन्हा चहा पाजला. गडी एकच पालुपद धरून. कपाळावर घाम, हातात टोपी पिळून पिळून तिची दोरी केलेली. अखेर नुसता धाक दाखवावा म्हणून मी हवालदाराला ओरडलो, "बेड्या आण रे!"

हवालदार जागचा हलेना. मान खाली घालून पुटपुटला, "साहेब, बेड्या पूजेत मांडल्यात."

"मग काढ!"

"आज कशा काढणार साहेब? आज हात लावत नाहीत. उद्या उत्तरपूजा झाली की लगेच देतो."

आधी कोपऱ्यात डायरी लिहीत बसलेल्या मुन्शीला हसू फुटलं, मग मला, आणि शेवटी ज्याला बेड्या घालायच्या तो वॉचमनही तोंडावर टोपी धरून हसायला लागला. हसता हसताच तो रडू लागला.

"साहेब, घंटाभर गेलो होतो मी. पोरीचा साखरपुडा हाय येत्या रविवारी. मंगल कार्यालयवाल्यानं भेटायला बोलावलं होतं. ड्युटी सोडली म्हटलं तर काम जाईल, म्हणून बोललो नाही. आता चोरीचं नाव लागलं तर सोयरीक मोडंल. पोरीला काय तोंड दाखवू?"

त्याचं खोटं एवढंच होतं. माझा जीव त्याच्यासाठी तुटला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. माझं लक्ष पूजेच्या टेबलावर गेलं. रायफली, काठ्या, वायरलेस, जीपची किल्ली, सगळ्याला हळदकुंकू. ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं आज पूजेत असतं आणि त्याला कुणी हात लावत नाही. मग ज्याने नळांचा तो दांडा बनवला, त्याच्या पूजेत काय असेल?

शेजारीच बसलेल्या व्यवस्थापकाला विचारलं, "काउंटरचं स्टीलकाम कुणी केलं?"

"तळवड्याच्या एका वर्कशॉपने. पण त्यांचं काम तर संपलंय सर."

"फोन लाव."

घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. जीपची किल्ली पूजेत, म्हणून व्यवस्थापकाच्याच गाडीतून आम्ही तळवडे गाठलं.

वर्कशॉपचं शटर अर्धं उघडं होतं. आत लेथला हार, ग्राइंडरला कुंकू, आणि सगळ्यांच्या पुढे, चौरंगावर, लाल फडक्यावर, झेंडूच्या माळेत बिअरचे नळ! शेजारी मालकाचा मोबाइल, त्यालाही टिळा. व्यवस्थापकाने पुन्हा नंबर लावून पाहिला, तेव्हा फुलांखाली तो गुणगुणला.

मालक गावातलाच म्हातारा, धोतरटोपीतला. आम्हाला पाहून खूश झाला. "या, या साहेब! एक नळ गळत व्हता. काल आलो तर तिथं कुनीच न्हाई. कामासाठी किल्ली दिल्याली व्हती, उघडून घेऊन आलो. आता थेंब गळायचा न्हाई."

"अहो, सांगायचं तरी!" व्यवस्थापक किंचाळला.

"काम आमचं, इचारायचं कुनाला? अन् फोन पूजेत हाय." मग नळांकडे बघून म्हणाला, "औंदाचं आमचं सगळ्यात नामी काम हाय ह्ये. म्हनून म्होरं मांडलंय."

व्यवस्थापकाने हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो हळूच बाजूला सारला. "आज न्हाई पोरा. उद्या दिस उगवला की आमीच आणून बसवतू."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. कायद्याने मी ते नळ तेव्हाच ताब्यात घेऊ शकत होतो. पण स्वतःच्या बेड्या टेबलावर ठेवून आलेला अधिकारी कोणत्या तोंडाने जप्ती करणार? मी म्हटलं, "उद्या सकाळी." म्हातारा शब्दाला जागला. उद्घाटन थाटात झालं, नळांवरचं कुंकू तेवढं पुसायचं राहिलं.

पण खरा प्रसंग त्याआधीचा, दसऱ्याच्याच संध्याकाळचा. आम्ही ठाण्यात परतलो तेव्हा वॉचमन बाकावर तसाच बसून होता. व्यवस्थापक त्याच्यासमोर उभा राहिला. म्हाताऱ्याने दिलेलं आपट्याचं पान त्याने पुढे केलं. "सोनं घ्या, काका," एवढंच त्याला बोलता आलं. मग वाकून पायांना हात लावला. वॉचमनच्या नोकरीचा प्रश्न तिथेच मिटला. तो गडबडून उठला आणि आम्हा सगळ्यांनाच साखरपुड्याचं आमंत्रण देऊन बसला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. समोरचा खोटं बोलतोय हे पकडलं की पोलिसाला गुन्हा पकडल्यासारखं वाटतं. ते बहुतेकदा चूक असतं. माणूस खोटं बोलतो ते पुष्कळदा आपल्या माणसांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून, आणि त्याचा चोरीशी काही संबंध नसतो. पुढे कुणी खोटं बोलताना सापडला की मी आधी विचारायचो, "घरी काय चाललंय?"

रविवारी मी साध्या कपड्यांत साखरपुड्याला गेलो. मुलाच्या मामांनी माझ्या मिश्या आणि केस कापण्याची तऱ्हा पाहून विचारलं, "पाव्हणे पोलिसातले दिसतात. तुमची ओळख कशी?"

वॉचमनचा चेहरा पांढरा पडला. "लांबचे भाऊ हायेत आमचे," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, "आईकडून."