थेंबेकाका आणि विसळलेली बाटली

थेंबेकाकांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेसाठी नमुने गोळा करणं हे त्यांचं काम. धातू तपासायच्या बाटलीत आम्लाचे थेंब आधीच टाकून ठेवावे लागतात. नाहीतर पाण्यातले धातू बाटलीच्या आतल्या अंगाला चिकटून बसतात आणि तपासणीला गुंगारा देतात. काका हे थेंब ओठ हलवत मोजत. मोजताना साहेबांनी हाक मारली, तरी ओ देत नसत.

असा काटेकोर माणूस एकाच ठिकाणी ढिला पडे, तो म्हणजे कचरा डेपो. ढिगाऱ्यातून झिरपणारं काळं पाणी खालच्या ओढ्यात उतरतं का, हे दर महिन्याला पाहायचं असे. ओढ्याचा उतार निसरडा, काकांचे गुडघे कुरकुरे आणि डेपोच्या मुकादमाचा चहा फक्कड.

"तुम्ही बसा हो काका. पहारेकरी आणतो भरून."

पहारेकरी बाटल्या नेई, काका दुसरा कप घेत आणि 'नमुना स्वतः घेतला' या ओळीखाली झोकात सही ठोकत. दोन वर्षं ओढा निर्मळच निघत होता.

त्या ओढ्याच्या खालच्या अंगाला काकांची थोरली बहीण राहायची. तिची विहीर ओढ्यापासून वीस पावलांवर. हल्ली पाण्याला गंजाचा वास येतो, भांडी तांबूस पडतात, अशी अक्काची कुरकुर चाले. पण लगेच म्हणायची, "कागदावर तुझी सही असते ना, मग मी पिते बिनघोर."

प्रयोगशाळेत नव्या केमिस्टबाई आल्या. त्या आधी बाटलीतलं आम्ल बघत.

"काका, डेपोच्या या बाटलीत आम्लाचा मागमूस नाही. कुणीतरी बाटली खळखळून विसळलीय. आणि पाणी तर इतकं नितळ, की या ओढ्याने जन्मात चिखल पाहिला नसावा." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही तर विसळणार नाही. मग कोण?"

काकांच्या डोळ्यांसमोर अक्काचा पाण्याचा तांब्या आला.

पुढच्या फेरीला काका नेहमीसारखे चहाला बसले. पहारेकरी पाच मिनिटांत परतला. काकांनी खिशातून कागदाची पट्टी काढून बाटलीत बुडवली. आम्लात लाल व्हायची ती हिरवट झाली.

"बाटली विसळलीस का रे?"

"मग! तीनदा. घाणेरड्या बाटलीत फिल्टरचं पाणी कसं भरू?"

मुकादमाला ठसका लागला.

"सावकाश," काका त्याची पाठ थोपटत म्हणाले. "मी दुसरी बाटली आणलीय. साक्षीदार म्हणून तुमची सही असते, तर साक्षीदाराने ओढा बघायला नको? चला."

"आत्ता? बूट नवे आहेत हो!"

"गुडघे जुने आहेत. तरी येतोय ना मी?"

उतारावर काकांनी आधारासाठी मुकादमाचा दंड धरला, तो असा घट्ट की त्याला पळताही येईना. खाली काळा, तेलकट चिखल. नवे बूट घोट्यापर्यंत रुतले. काकांनी हातमोजे घालून बाटली भरली, झाकण लावलं आणि कागद पुढे केला. मुकादमाने एका पायावर तोल सावरत सही केली. बूट चिखलातच राहिला होता.

तपासणीत शिसं आणि निकेल मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. खाली मुकादमाची वाकडीतिकडी सही होतीच. डेपोला नोटीस गेली. आधीच्या दोन वर्षांतल्या आपल्या सह्या खोट्या आहेत, हेही काकांनी बाईंना लिहून दिलं.

त्याहून अवघड काम अक्काच्या स्वयंपाकघरात होतं. काकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे दोन वर्षं तू वर चहा ढोसत होतास आणि मी खाली शिसं पीत होते?"

"हो अक्का. उद्या तुला दवाखान्यात नेतो, रक्त तपासायला."

"नेशीलच. आणि पाणी?"

"तेही आणून देईन. रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी धापा टाकत पायऱ्या चढून दोन कॅन पाणी माठात ओतलं. अक्काने तांब्या घासून चकचकीत ठेवला होता.

"बस. चहा टाकू?"

"नको," काका घाईघाईने म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"मग उठ. माठ अजून अर्धा रिकामा आहे," अक्का म्हणाली. "आणि कॅन स्वतः भर. पहारेकऱ्याला पाठवू नकोस."