कुंचीतला वरवंटा

बारशाला आमच्याकडे पाळण्यात बाळाच्या आधी कुंची घातलेला वरवंटा निजवतात. "असाच दणकट हो रे बाबा," सासूबाई माझ्या मांडीवरच्या बाळाला म्हणाल्या. जन्माच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाला छिद्र आहे, छातीवर हात ठेवलात तर थरथर जाणवेल. तेव्हापासून माझा तळवा तिथंच असे. मांजर गुरगुरावं तशी ती थरथर.

सवयीनं हात पाळण्यातल्या कुंचीवर गेला. आत सगळं गार, गप्प. बायका पाळणा म्हणत होत्या आणि मी मांडीवरचं बाळ घट्ट धरलं. मग बाळ ठेवलं. तळव्याखाली पुन्हा गुरगुर. जिला घाबरायचे, तिनंच हायसं वाटलं.

आजही चटणी वाटण्याआधी मी वरवंट्यावर तळवा टेकवून थांबते. तो थरथरत नाही, नुसता दगडच आहे याची खात्री झाली, की मगच वाटायला घेते.