तांब्याचा हातोडा

आमच्या ह्यांना कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती ह्यांची. अठ्ठावीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस एका सोमवारी घरी बसला, आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लोक पैसे मिळाले म्हणून पेढे मागू लागले. तेव्हापासून हे दुधाला मागच्या गल्लीनं जायचे. तो रस्ता दुप्पट लांब. पण समोरच्या कोपऱ्यावर सणवार असो नसो, रोज सकाळी कंपनीची बस थांबायची. तिथल्या जुन्या सोबत्यांच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही.

मग पार्किंगमध्ये गाडी उगवली. जुन्या मासिकातलं एका परदेशी, बिनटपाच्या, दोन सीटांच्या गाडीचं चित्र भिंतीला चिकटवून ह्यांनी तशीच गाडी करायला घेतली. इंजिन भंगारातलं, पत्रा स्वतः ठोकलेला. दोन वर्षं झाली तरी ती आपली विटांवरच उभी.

"अहो, ही होईपर्यंत आपल्या हातात काठी येईल," मी म्हणायची.

"काठीला मागे जागा ठेवलीय," हे शांतपणे म्हणायचे.

चाकं सगळ्यात शेवटी आली. सायकलसारखी, तारांची. संध्याकाळी हे चाक लोखंडी घोडीवर चढवून फिरवायचे आणि ते कुठे डुगडुगतंय हे बघायला कडेला खडू धरायचे. खडू लागला की तिथली तार पाव फेरा पिळायची, पुन्हा फिरवायचं. मी मेथी निवडायला खाली जाऊन बसायची. चाक वेगात आलं की तारा दिसेनाशा व्हायच्या. मागची पारिजातकाची फांदी, वाळत घातलेल्या चादरी, ह्यांचा चेहरा, सगळं त्या चाकातून पाण्याखालचं असावं तसं थरथरायचं. आमच्या लग्नानंतरचे पहिले दिवस मला तिथे कितीदा तरी दिसले. वेग ओसरला की तारा परत यायच्या. मेथी तशीच मांडीवर असायची.

ट्यूबला तारांची टोकं बोचू नयेत म्हणून आत पट्टी लागते. ती माझ्या जुन्या इरकलीच्या काठाची निघाली. चारही टायरांच्या आत माझी साडी आहे, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. मला त्याचा वेडा अभिमान वाटायचा.

खंडेनवमीला तीन चाकं बसली. प्रत्येक चाकाला मधोमध दोन कानांचा एकच नट. तो तांब्याच्या हातोड्यानं ठोकून आवळायचा. चौथा नट हातानं फिरवून होतोय तोवर मी हाक मारली, "पूजा खोळंबलीय!" ह्यांनी हत्यारं धुतली, पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. हातोडाही त्यातच. एकदा पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत उचलायचं नाही. टूलरूममध्ये हा नियम ह्यांनी कधी मोडला नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला हार घातला. कागदपत्रं व्हायची होती, म्हणून फक्त समोरच्या, बसच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं मी ठरवलं होतं. मी नवी साडी नेसून उभी. हे म्हणाले, "एक नट सैल आहे. हत्यार पूजेत आहे. आज नको."

त्यांच्या आवाजात सुटका होती. ती ऐकून मला संताप आला आणि रडूही आलं. मी वर गेले, देवीला हात जोडले, पाटावरचा हातोडा उचलला आणि आणून ह्यांच्या हातात दिला.

"पाप माझ्या माथी. ठोका."

ह्यांनी हातोडा कपाळाला लावला. मग तीन घाव घातले.

मी शेजारी बसले आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. ऊन कोवळं होतं, वारा थेट तोंडावर येत होता. कोपरा जवळ आला तशी ह्यांची मान ताठ झाली. तिथे गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली, दसऱ्याचीही सुट्टी नसलेली चार-पाच मुलंमुली खराडीला नेणाऱ्या ऑफिसच्या गाडीची वाट बघत होती. त्यांतलं कुणीही ह्यांना ओळखत नव्हतं.

ह्यांनी गाडी थांबवली. "आपली बस?"

"बंद झाली. वर्ष होऊन गेलं."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गेल्यावर बसही गेली, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

एका मुलीनं गाडीकडे बघून हसून हात हलवला. ह्यांनीही स्टीअरिंगवरचा हात उचलला. तळव्याला हातोड्याचं कुंकू लागलं होतं.

"म्हणजे वर्षभर," हे म्हणाले, "मी कुणाला चुकवत मागच्या गल्लीनं दूध आणत होतो?"