वनिताच्या आत्याची गाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

बोईसरला आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. मी आणि वनिता, दोघंच. वनिता चिंचणीची, मच्छीमाराच्या घरातली. तिच्या म्हाताऱ्या आत्याला लग्नातली जुनी गाणी यायची. गावात ती पूर्ण येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. वनिताने वर्षभर दर रविवारी तिच्यासमोर बसून ती फोनवर रेकॉर्ड केली. मग आत्या वारली. वनिता म्हणाली, या गाण्यांची वेबसाइट करू या. तिचा फोन भरला होता. मीच म्हणालो, गाणी माझ्या कॉम्प्युटरवर टाक, फोन रिकामा कर. इथून कुठे जातायत?

दुसरी प्रत काढायला हवी, हे तिला मीच शिकवलेलं. त्या दिवशी — राहिलं. बस, राहिलं.

प्रोजेक्ट मी नव्या रनटाइमवर उभा करायला घेतला. हौस होती. रनटाइम म्हणजे ज्याच्या आधाराने प्रोग्राम चालतो ते. हा नवा जरा सावध — प्रत्येक गोष्टीला परवानगी मागायचा. हा फोल्डर वाचू? यात लिहू? चार-पाच वेळा उत्तरं दिली, मग कंटाळलो. सगळ्याच परवानग्या एकदम देऊन टाकल्या. प्रोग्रामने आधी बनवलेल्या जुन्या फाइली पुसून नव्या बनवायची एक ओळ मी लिहिली होती. तिच्यात फोल्डरचं नाव चुकलं. गाण्यांचाच फोल्डर पुसला गेला.

पुसायच्या आधी त्या रनटाइमने विचारलं असतं. मीच त्याला गप्प केलं होतं ना?

वनिता डबा खायला गेली होती. ती यायच्या आत मी ती ओळ दुरुस्त केली. स्क्रीनवर उमटलेलं सगळं पुसलं. ती आल्यावर म्हणालो, फोल्डर रिकामा दिसतोय गं.

तिने फोल्डर बंद करून पुन्हा उघडला. मग म्हणाली, "सर, माझ्याच हातून झालं असंल. मी नीट कॉपी केलं नाय."

मी काय म्हणालो? म्हणालो, होतं असं कधीकधी. तिची समजूत घातली!

पुसलेल्या फाइली परत आणायचे सगळे उपाय केले. थोड्या आल्या, पण वाजेनात. तिच्या रिकाम्या फोनमध्येही काही मिळालं नाही. गावात जाऊन तिने सगळ्यांना सांगितलं, गाणी माझ्यामुळे गेली. तिच्या वडिलांनी कितीतरी दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ते तिनेच मला सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं.

वनिता अजून माझ्याकडेच काम करते. आता कुठलीही फाइल हलवली की ती दोनदा उघडून तपासते, मग मला बोलावते.

"सर, तुमी एकदा बघा. माझा भरवसा नाय."

मी उठतो. बघतो. बरोबर आहे म्हणतो.