आमच्या घरातला कप्तान

आमचे हे थापाडे होते, ते आधीच सांगून टाकते. नाहीतर मागाहून लोक म्हणायचे, बाई नवऱ्याची बाजू घेतेय. आता नाहीत ते थापाडे. म्हणजे माणूस आहे, धडधाकट आहे, आतल्या खोलीत पेपर वाचत बसलाय. थापा तेवढ्या गेल्या. आणि मला, जी मी जन्मभर "पुरे करा हो" म्हणून ओरडत आले, तिला आता घर खायला उठतं.

ह्यांचा धंदा लोकांचं सामान हलवण्याचा. एक टेम्पो, दोर, गोणपाटाचा ढीग, कपाटांना ओरखडे पडू नयेत म्हणून जुन्या गाद्या, आणि उचलायला चार माणसं. काम बघायला गेलं तर साधं. इथलं उचलायचं, तिथं ठेवायचं. पण ह्यांच्या तोंडी ते साधं राहील तर शप्पथ! जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं की हे अगदी अदबीनं म्हणायचे, "कपाटसाहेब, जरा पोट आत घ्या, मागे मंडळी खोळंबलीत." ज्यांचं सामान ती माणसंसुद्धा घर सोडण्याचं दुःख विसरून हसायची. पुन्हा घर बदलायची वेळ आली की ह्यांनाच बोलवायची.

संध्याकाळी घरी आले की तोच प्रसंग जेवताना पुन्हा व्हायचा, आणि घासागणिक फ्रिज जड होत जायचा. शेवटी तर फ्रिज एकट्यानं उचललेला असायचा आणि बाकीचे चौघे नुसते टाळ्या वाजवायला उभे. मी म्हणायची, "अहो, निदान आमटी तरी खरी वाढून घ्या." त्यांना राग यायचा नाही. उलट म्हणायचे, "अगं, जसं झालं तसंच सांगायचं तर मग सांगायचं कशाला?"

एक गोष्ट मात्र ते वर्षातून एकदा तरी सांगायचेच. आमचे सासरे आजारी होते तेव्हाची. शहरात कडकडीत बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, गाडी मिळायची सोय नाही, आणि बाबांना श्वास पुरेना. ह्यांनी बाबांना पाठीवर घेतलं, सामानाचा पट्टा कमरेला आवळला आणि चार मजले उतरून, पूल ओलांडून दवाखान्यात नेलं. जिन्यावर म्हणाले, "बाबा, डोळे मिटा, बोट सुटली." आणि बाबा, इतकी धाप लागलेली असताना, म्हणाले, "मला कडेची जागा दे रे." दोन दिवसांनी बाबा गेले. दरवर्षी ह्या गोष्टीत पूल थोडा लांबायचा, ऊन वाढायचं, एका वर्षी तर वाटेत पिसाळलेला कुत्राही आला. आम्ही ऐकायचो आणि ताटं उचलायला उठायचो.

ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, कॉलेजात फ्रेंच शिकवतात. बाबा गेले तेव्हा ते परगावी शिकत होते, पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुस्तकी माणूस. लग्न केलं नाही, दर रविवारी आमच्याकडे जेवायला. ते कितीतरी वर्षं एक फ्रेंच कादंबरी मराठीत आणत होते. मला गोष्ट सांगायचे. एक कप्तान आहे. तो पाण्याला घाबरतो, समुद्रावर कधी गेलेलाच नाही, पण बंदरावर बसून आपल्या पराक्रमाच्या अशा काही गोष्टी सांगतो की शेवटी लोक त्याला खरंच जहाज देतात. आणि लेखक मध्येच थांबून वाचकांशी बोलतो. म्हणे, आज मला सर्दी झालीय, तेव्हा या प्रकरणात वादळ होणार नाही. मी म्हटलं, "बरंय बाई! मला सर्दी झाली की या घरात स्वयंपाक होणार नाही, असं मीही जाहीर करते."

पण भाऊजींचं घोडं अडलं होतं. "वहिनी, फ्रेंचमध्ये हा कप्तान नुसता बोलायला लागला तरी हसू येतं. माझ्याकडे आला की सरकारी पत्रकासारखा बोलतो." असं म्हणून ते तोंड पाडून जेवायचे.

एका रविवारी ह्यांनी एका वकिलांच्या लोखंडी तिजोरीची कथा लावली. तिजोरीबाई रुसल्या, तिजोरीबाईंना चक्कर आली, वगैरे. मी नेहमीसारखी कंटाळून भात वाढत होते. भाऊजींचा हात मात्र हवेतच थांबला. "दादा, परत सांग. अगदी असंच सांग."

आणि मग दर रविवारी तेच सुरू झालं. भाऊजी विचारायचे, हे सांगायचे. धाकटा भाऊ शिकला, मोठा झाला, त्यानं ह्यांच्या बोलण्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. तो आता मान पुढे काढून ऐकतोय म्हटल्यावर ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. रविवारचं काम घेईनात. सकाळीच दाढी करून, धुतलेला शर्ट घालून वाट बघत बसायचे. मला म्हणाले, "धाकट्याला आता कुठे माझी किंमत कळली." मीही म्हटलं, चला, बरं झालं. दोघं भाऊ आहेत, बोलतायत.

पुस्तक निघालं. वाचनालयाच्या सभागृहात भाऊजी स्वतः त्यातला भाग वाचणार होते. हे पहिल्या रांगेत, शेजारी मी, मागे ह्यांची चारही माणसं. कप्तान बोलायला लागला आणि सभागृह गडगडून हसायला लागलं. सगळ्यांत मोठ्यानं हसत होते आमचे हे. "काय भामटा आहे गं हा!" म्हणून माझ्या हातावर चापट्या मारत होते. कप्तान तोफेला म्हणाला, "तोफबाई, जरा पोट आत घ्या." मला चटका बसला. मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे अजून हसतच होते.

मग तो भाग आला. लढाई पेटलीय, म्हातारा राज्यपाल जखमी, आणि कप्तान त्याला पाठीवर घेऊन तटाच्या पायऱ्या उतरतोय. कप्तान म्हणतो, "सरकार, डोळे मिटा, बोट सुटली." आणि राज्यपाल म्हणतो, "मला कडेची जागा दे रे." लोक खो खो हसले. त्यावर लेखकाची टिप्पणी: वाचकहो, विश्वास ठेवू नका. राज्यपाल केव्हाच बग्गी करून घरी गेले होते आणि जेवायला बसले होते.

टाळ्या थांबेनात. मागून चौघांपैकी एक जण म्हणाला, "अरे, हे तर आपल्या शेठचंच!" आणि तेही हसायला लागले. ह्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण आवाज बंद झाला. घरी येताना एवढंच म्हणाले, "छान वाचतो धाकटा."

दुसऱ्या दिवसापासून कपाट नुसतं कपाट झालं. "डावीकडे घ्या. सावकाश. ठेवा." बस्स. संध्याकाळी विचारलं, कसं झालं काम? तर म्हणाले, "झालं." ज्यांच्या घरी जातील तिथे कुणी ना कुणी पुस्तक वाचलेलं असायचंच, आणि कप्तान कोण ते ह्यांच्या चौघांनी गावभर केलेलं. म्हणायचे, "कप्तान, एखादी होऊन जाऊ दे!" हे कसनुसं हसून दोर आवळायचे. मी मुद्दाम खोड काढली, "आज फ्रिज किती जड होता?" तर माझ्याकडे बघून म्हणाले, "नेहमीएवढाच." मी बाहेर जाऊन उगीचच धुतलेली भांडी परत धुतली.

शेवटी मी तरातरा भाऊजींच्या खोलीवर गेले. म्हटलं, "थापा घेतल्यात, घ्या. हजार आहेत, पोत्यानं न्या. पण बाबांची गोष्ट का घेतलीत?"

ते म्हणाले, "वहिनी, तीही त्यातलीच ना? दरवर्षी पूल वाढायचा. कुत्रासुद्धा आला होता."

"कुत्रा नव्हता," मी म्हटलं. "बाकी सगळं खरं होतं. मी होते ना तिथं! बोटीचं खरं, कडेच्या जागेचंही खरं. तुमचे वडील जाता जाता हसले होते, आणि ते ह्यांनी हसवलं होतं."

भाऊजी खुर्चीत बसले ते बसलेच. पांढरेफटक पडले. मग लहान मुलासारखे रडले, आणि मला त्यांचा रागही धड येईना. म्हणाले, पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो. म्हटलं, मला काय सांगता, त्यांना सांगा.

रविवारी आले. दारातच उभे राहिले, बसेनात. हे जमिनीवर बसून दोराची वेटोळी करत होते.

"दादा," भाऊजी म्हणाले, "बाबांची गोष्ट सांग ना. बंदच्या दिवसाची."

"त्यात काय सांगायचंय?"

"तू त्यांना पाठीवरून नेलंस, ती. माझं चुकलं रे. मला खरी गोष्ट ऐकायचीय, तुझ्या तोंडून."

ह्यांनी वेटोळं पुरं केलं, गाठ मारली, बाजूला ठेवलं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. म्हणाले, "पाठीवरून कुठलं? टॅक्सी केली होती."

"अहो!" मी किंचाळलेच. "बंद होता! टॅक्सी कुठून आली?"

"टॅक्सी केली होती," ते पुन्हा म्हणाले. "तुला आठवत नाही. त्याला जेवायला वाढ."

मी वाढलं. तिघं जेवलो. आयुष्यभर ह्यांच्या थापा ऐकल्या, हसण्यावारी नेल्या, पण ही एक मला गिळता आली नाही. कारण त्या दिवशी मी बाबांच्या चपला हातात घेऊन मागून चालत होते, आणि पूल संपेपर्यंत ते दोघं बापलेक त्या बोटीबद्दलच बोलत होते.