वाकल्या खांबाला नमस्कार

अगं, अशी जवळ ये. किती महिन्यांनी तोंड दाखवलंस, अन् आल्या आल्या विचारतेस, मावशी, एवढं मोठं गोदाम असताना डाळ निवडायला बाहेर उन्हात का बसता? ऐक मग.

लातूरच्या या डाळमिलीत मी निवडणाऱ्या बायांची मुकादम. आमच्या मालकांनी, म्हणजे आप्पांनी, गोदामात तीन मजली लोखंडी रॅक उभे केले. वरच्या दोन मजल्यांवर तूरडाळीची पोती, खालचा खण आम्हाला. सावलीला म्हणून.

एके दिवशी फोर्कलिफ्टवाल्यानं गाडी मागं घेता घेता रॅकच्या कोपऱ्यातल्या खांबाला धडक दिली. गुडघ्याएवढ्या उंचीवर खांब आत दबला, तेलाच्या डब्यासारखा. आप्पा धावत आले. आधी पोती बघितली. मग गाडीचा रंग बघितला. आमच्याकडं बघायचं राहूनच गेलं. खांबाला पिवळा रंग मारा म्हणाले. रंगानं वाकलेलं सरळ होत असतं तर मी आधी माझी कंबर रंगवून घेतली असती.

खांब बदला म्हणून मी मागं लागले, तर आप्पांनी त्यावर महादेवाचा फोटो टांगला, झेंडूचा हार घातला. म्हणे, देवाला कोण धडक देतंय? पण आमचा गाडीवाला लई भाविक. जाता-येता स्टेअरिंगवरचा हात काढून छातीला लावायचा, डोळे मिटायचा. चौथ्या दिवशी डोळे मिटूनच त्याच खांबाला ठोकलं. वरचं एक पोतं फुटून आमच्या डोक्यावर डाळ पडली. हार तेवढा शाबूत.

मी सगळ्या बायांना सुपांसकट बाहेर काढलं. आप्पा चिडले.

"मावशी, दोनदा धडक बसली, तरी खांब उभाच हाय न्हवं?"

मी किल्लारीकडची. भूकंपात दगडामातीखालून माणसं काढलेली. म्हटलं, "आप्पा, आमच्या गावातली घरं बी आदल्या सांजेला उभीच होती."

तरी ते हलले नाहीत हं. दोन दिवस निवडण बंद पडलं, गिऱ्हाइकं फोन करत राहिली, तवा कुठं नांदेडहून फिटर आला. त्यानं पहिल्यांदा वरचा सगळा माल उतरवायला लावला. मग वाकून बघतो, तर खांबाच्या पायाला चार बोल्टांच्या जागी एकच. बाकीचे कुणी बसवलेच नव्हते. खाली कोण बसतं, त्यानं विचारलं. मी हात वर केला. त्यानं आधी पाणी मागितलं.

आता नवा खांब आहे, पुढं जमिनीत पक्का केलेला जाड लोखंडी अडसर आहे. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवतात, जणू त्यांनाच सुचलेलं. आत बसा म्हणतात. मी म्हटलं, वर माल असेल तर खाली माणूस नको. मग हे पत्र्याचं शेड टाकून दिलं. एका बाजूनं ऊन येतं, येऊ दे.

तू मात्र आता महिने लावू नकोस. पुढच्याच आठवड्यात ये, जेवायच्या वेळेला. आम्ही इथंच भेटू, सगळ्याच्या सगळ्या.