विटेचा शेक

'बधिरणे' हा शब्द मी अंबरनाथच्या शाळेत बरीच वर्षं शिकवला. मूळ संस्कृत 'बधिर', म्हणजे ज्याला ऐकू येत नाही असा. तोच झिजून 'बहिरा' झाला. कानाची ही व्यथा पुढे हातापायांनाही लावली गेली आणि डॉक्टरांच्या तोंडी 'बधिर करणे' रुळलं. फळ्यावर लिहायला किती सोपं होतं! आता तो शब्द दिसला तरी चीड येते.

माझे वडील उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये जीन्स धुण्याच्या कारखान्यात होते. सगळा जन्म ओल्यात गेला, त्यात साखरेचा आजार. आधी पायांना मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. चपलेत खडा गेला तरी पत्ता नसे. वर त्याचीच ऐट. "आपला पाय लोखंडाचा हाय," म्हणायचे.

आई बदलापूरकडच्या खेड्यातली. तिच्या माहेरी पायाच्या कुठल्याही तक्रारीवर एकच इलाज, विटेचा शेक. वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि तळव्याला लावायची. चूल नव्हती म्हणून ती गॅसवर तापवायची, एवढाच काय तो फरक. वीट किती गरम हवी याचं मापही ठरलेलं: शेक घेणारा 'पुरे' म्हणेल तोवर. तिच्या आईचं, आजीचं हे माप कधी चुकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी वडील टीव्ही बघत बसले होते आणि आई शेकत होती. "चटका बसतो का?" तिने विचारलं.

"नाय गं. काय पन वाटत नाय."

तिला वाटलं, वीट निवली. तिने दुसरी आणली, चांगली तापवून.

सकाळी तळवा फोडांनी भरला होता. मग जखम झाली, ती चिघळली, घरभर वास सुटला. मलमं झाली, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. मला रडू आलं नाही, नुसता संताप आला, आणि तो काढावा असं समोर कुणी नव्हतं. आईवर कसा काढणार?

ऑपरेशनच्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, बोलायला गोड. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आजी, घाबरू नका. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणार आहोत. आजोबांना काहीसुद्धा कळणार नाही."

धीर देण्यासाठीच म्हणाल्या बिचाऱ्या. आईने हात सोडवून घेतला आणि पदर तोंडाशी धरला.

"कळायला पायजे होतं गं पोरी," ती म्हणाली. "येकदा जरी वरडले असते, तर मी वीट काढली असती."